हात पोचेल तिथपर्यंत

“आजी, एक विचारू? या भिंतीवरची चुकलेली रेघ कोणती?”

मित्रांनो, हा प्रश्न माझ्या दारातून दहा पावलं आत, खच्चून भरलेल्या गर्दीत, पंधरा वर्षांच्या एका मुलीने विचारला. प्रश्न मुळात तिचा नव्हताच. तिच्या मैत्रिणींनी तिला डिवचून पुढे ढकललं होतं. त्यातली एक मिरची. तिला मिरची का म्हणतात हे वेगळं सांगायला नको. ती म्हणाली, “भिंतभर नुसत्या निळ्या रेघा, त्याही सगळ्या सारख्या! हिंमत असेल तर त्या आजींनाच विचार, यातली चुकलेली कोणती म्हणून.” दुसरी वेणी. ती म्हणाली, “ही कसली विचारतेय! हिचा सगळा जोर आपल्यापुढे.” झालं! घरीदारी सगळे जिला भिंगरी म्हणतात, त्या मुलीला ‘ही कसली करतेय’ एवढं म्हटलेलं पुरतं. ती तरातरा निघालीच.

पण मैत्रिणींना एक गोष्ट ठाऊक नव्हती. चुकलेली रेघ कोणती, हे भिंगरीला पक्कं माहीत होतं. एक नव्हे, चांगल्या नव्व्याण्णव रेघा चुकलेल्या होत्या. मलाही माहीत होतं. भिंत माझीच ना!

थांबा. आधी माझी ओळख करून देते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही मध्येच बोलतेय कोण?

मी एक जुनी इमारत आहे. फार मोठी नाही. एक लांबलचक खोली, मागे एक कोठी, वर काचेचं छप्पर आणि पुढे दोन पायऱ्या, संपलं. एका मोठ्या बागेत आम्ही अशा बऱ्याच जणी उभ्या आहोत, आणि प्रत्येकीचा देश वेगळा. दर दोन वर्षांनी इथे जगभरच्या कलेचं प्रदर्शन भरतं. ज्या त्या देशाने आपापल्या घरात आपल्या कलावंताचं काम मांडायचं आणि लोकांनी या दारातून त्या दारात फिरत बघायचं. आम्हाला राष्ट्रीय दालन म्हणतात. ऐकायला भारदस्त वाटतं ना? पण माझ्या एका अंगाला खांबच खांब असलेलं एक धिप्पाड दालन आहे आणि दुसऱ्या अंगाला बागेच्या जास्तीच्या खुर्च्या ठेवायची शेड. त्यामुळे मी फार ताठ्यात राहत नाही. कितीतरी लोक मलाही शेडच समजतात आणि पुढे जातात.

माझा नकाशा ज्याने काढला त्याला उजेडाचं वेड होतं, म्हणून त्याने छप्पर काचेचं केलं. पावसाचा विचार बहुतेक त्याने दुसऱ्या दिवसावर ढकलला आणि मग विसरला. पहिल्या प्रदर्शनात माझं खूप कौतुक झालं. दाराशेजारी पितळी पाटी लागली, ‘उत्तम दालन’. ती पाटी अजून आहे, फक्त आता ती वाचायला जवळ जाऊन घासावी लागते.

त्यानंतर माझ्या पोटात काय काय येऊन गेलं! एका वर्षी गुडघाभर मीठ होतं. एका वर्षी एका कलावंताने काहीच आणलं नाही, दार लावून घेतलं आणि ‘बंद दार हेच माझं काम’ असं जाहीर केलं. त्या वर्षी मला छान विश्रांती मिळाली. एका वर्षी नुसता पाणी ठिबकण्याचा आवाज होता. नेमकं त्याच वर्षी माझं छप्पर खरोखरचं गळायला लागलं, आणि खाली ठेवलेल्या बादलीभोवती लोक हाताची घडी घालून, मान वाकडी करून उभे राहायचे. बादली कुणी उचलेना. माझी गळती दुरुस्त व्हायला तीन महिने गेले, कारण जो तो म्हणायचा, “हात लावू नका, तो कामाचा भाग असेल.”

वाईट दिवसही आले. दोनदा माझा देश काही पाठवायचंच विसरला. मग चार वर्षं कुलूप. कोठीत मांजर व्याली, पायऱ्यांच्या फटीत गवत उगवलं, आणि लोक माझ्या भिंतीला सायकली टेकवून शेजारच्या धिप्पाड दालनात जायचे. तक्रार नाही करत, जे झालं ते सांगितलं.

मात्र एक माणूस मला कधी विसरला नाही. माझा रंगारी.

तीस वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा आला तेव्हा काटकुळा होता. आता त्याला पोट आहे, चष्मा आहे आणि एक मुलगी आहे. दर प्रदर्शनाच्या आधी माझ्या भिंतींना पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यायचे, हे त्याचं काम. बघणाऱ्याला वाटतं, त्यात काय, डबा उघडला आणि फासला रंग. तसं नसतं. तो आधी माझ्याजवळ येऊन कान लावतो आणि बोटांच्या पेरांनी टकटक वाजवत जातो. भिंत घट्ट असेल तर आवाज भरीव येतो. आतून सुटली असेल तर पोकळ येतो. पोकळ वाजलं की तिथे पेन्सिलीने गोल. मग तो गोल खरवडायचा, खड्ड्यात लांबी, म्हणजे भिंतीचा मलम, भरायची, ती वाळू द्यायची, घासायची, आणि मग रंगाचं नाव काढायचं. “आतून सुटलेल्या भिंतीवर रंग मारणं म्हणजे तापाच्या माणसाला पावडर लावणं,” असं तो म्हणतो. साठ वर्षांची असून मी उभी आहे ती त्याच्या पेरांमुळे.

त्याची बायको माझी राखणदार. प्रदर्शन चालू असलं की ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसते आणि दिवसातून दोनशे वेळा “हात लावू नका” म्हणते. घरी जेवताना कुणी पातेल्याकडे हात नेला तरी तिच्या तोंडून तेच निघतं म्हणे.

आणि त्यांची मुलगी भिंगरी. ती रांगत होती तेव्हापासून माझ्याकडे येते. दाराजवळच्या कोपऱ्यात माझा एक टवका उडाला आहे, तिथे रंगाचे थर मोजता येतात. लहान असताना ती तिथे बसून बोट लावायची. “हा मी जन्मायच्या आधीचा. हा मी पहिलीत होते तेव्हाचा. हा मला गोवर आला होता तेव्हाचा.” आधी फार बुजरी होती. कुणी नाव विचारलं की आईच्या पाठीमागे. गेल्या वर्षी शाळेत तिने एकदा माईक हातात घेतला आणि तेव्हापासून तो खाली ठेवलाच नाही, असं तिची आई म्हणते. आता ती दारातून आत यायच्या आधी तिचा आवाज आत येतो.

तर या वर्षीची गोष्ट.

या वेळी माझ्या देशाने एका वयस्कर चित्रकर्तीला निवडलं. बाई स्वतः आल्या नाहीत. त्यांनी एक कागद पाठवला. आमचे दालनप्रमुख, त्यांना सगळे साहेब म्हणतात, त्यांनी तो रंगाऱ्याला वाचून दाखवला. कागदावर लिहिलं होतं: ‘या भिंतीची ज्याच्या हाताला सवय आहे, त्यानेच हे काम करावं. भिंतीपाशी एका जागी उभं राहावं. पाय न हलवता आडव्या निळ्या रेघा ओढाव्यात, एका बुडवणीत एक. जमिनीपासून सुरू करून हात पोचेल तिथपर्यंत जावं. मग बाजूला सरकून पुन्हा तेच. शिडी घेऊ नये. सगळं काम एकाच माणसाने करावं. हात पोचत नाही तिथे भिंत मोकळी सोडावी.’

“एवढंच?” रंगारी म्हणाला.

“एवढंच,” साहेब म्हणाले. “तुम्हाला काय अवघड आहे? तुमचा हात छताला लागतो.”

रंगारी हसला. मी मात्र हसले नाही, कारण मला माहीत होतं. थंडीपासून त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. या वेळी त्याने पांढरा रंग दिला तो रोलरला लांब दांडा बांधून, दांडा कमरेशी धरून. वरच्या भागात कान लावून वाजवायचं राहून गेलं. साहेबांना पत्ता नव्हता. भिंतीला पत्ता असतो.

तो कामाला लागला. पहिली रेघ अगदी जमिनीलगत, उकिडवं बसून. मग चार बोटं वर दुसरी. मग तिसरी. डावीकडे ब्रश टेकायचा आणि हात जाईल तेवढा उजवीकडे ओढायचा. सुरुवातीला रेघ भरदार, शेवटी विरळ. माझ्या अंगावर आजवर पुष्कळ जणांनी पुष्कळ काही केलं, पण अशा सरळ रेघा कुणी ओढल्या नव्हत्या. एका जागी वीस रेघा झाल्या आणि हात खांद्याशी येऊन थांबला. तो सरकला. पुन्हा वीस. संध्याकाळपर्यंत अशा नऊ जागा झाल्या आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निळं पाणी भरल्यासारखं दिसायला लागलं. बरोबर त्याच्या खांद्याइतकं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. भिंगरी डबा घेऊन आली तेव्हा तो उलट्या बादलीवर बसून भिंतीकडे बघत होता.

“बाबा, थांबलात का? माणसाचा हात अजून वर पोचतो की.”

“माणसाचा पोचतो. माझा नाही पोचत.”

भिंगरी त्याच्या समोर उकिडवी बसली. “मग सोडून द्या ना. कागदात तसंच लिहिलंय, मी वाचलं.”

“सोडून देऊ? आणि लोक काय म्हणतील? अर्धी भिंत टाकून रंगारी पळाला? तीस वर्षांत मी असं काम टाकलेलं नाही.” मग तो जरा हळू बोलला. “आणि साहेब आले की त्यांना काय दिसेल? रंगाऱ्याचा हात खांद्याच्या वर जात नाही, हे मी आपल्याच हाताने निळ्या रंगात लिहून ठेवल्यासारखं होईल. उद्यापासून मला शिडीला हात लावू देणार नाहीत.”

भिंगरीने ब्रश उचलला. “माझा पोचतो.”

“तुझा? तू टीचभर.”

“शिडीवरून पोचतो.”

त्याने नको म्हटलं. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना तो शिडी उघडत होता.

मित्रांनो, त्या दुपारी बापलेकीने नऊ जागी अकरा-अकरा रेघा वाढवल्या. वर ती, खाली शिडी धरून तो. “सावकाश. ब्रश निथळू दे. श्वास धरू नकोस, हात कापतो.” पहिल्या चार-पाच जरा वळवळल्या, मग तिला लय सापडली. शेवटी शेवटी तर ती गुणगुणत होती. खाली उतरून तिने लांबून बघितलं आणि म्हणाली, “ओळखून दाखवा म्हणावं कुणी!”

तिची आई खुर्चीची उशी बदलायला आली तेव्हा तिने भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही. लेकीच्या हातांकडे बघितलं.

“डावा हात कोपरापर्यंत निळा, उजवा कोरा. काय गं, बाबांचं काम तू केलंस?”

भिंगरी ब्रश पुसायला लागली. रंगारी शिडी मिटायला लागला.

“अहो, तुम्ही तरी बोला.”

“झालं ते झालं,” तो म्हणाला.

“झालं ते आज झालं. उद्याचं काय ते बघा,” ती म्हणाली, आणि लेकीला हात धुवायला कोठीत घेऊन गेली.

आता पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे येऊ. उद्घाटनाचा दिवस. शाळेच्या मुलांनाही बोलावणं होतं. साहेबांनी नवीन बूट घातले होते, ते चावत होते. रंगारी इस्त्रीच्या शर्टात दाराशी उभा होता. चित्रकर्ती आजी दोन माणसांच्या आधाराने आल्या. पांढरे बारीक कापलेले केस आणि खिशात खोचलेला रुमाल. आल्या त्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या, आणि भिंगरीने त्यांना गाठलं.

तिने का विचारलं असेल? मी यावर खूप विचार केला. मला वाटतं, तिला ‘एकही नाही’ हे उत्तर हवं होतं. एवढ्या मोठ्या बाईंनी सगळ्यांदेखत म्हणावं की एकही रेघ चुकलेली नाही, आणि मग आपण मिरचीकडे बघून भुवई उडवावी. पंधराव्या वर्षी एवढी हौस असते.

आजी प्रश्नाला हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, सुतार फळी बघतो तसा माझ्या अंगाला गाल लावला आणि एक डोळा मिटून भिंतीच्या कडेने बघितलं. मग वर बघितलं.

“खालच्या रेघा डावीकडून निघाल्यात,” त्या म्हणाल्या. “डावीकडे रंग भरदार, उजवीकडे विरळ. वरच्या सगळ्या उजवीकडून निघाल्यात. खांद्याच्या खाली एक माणूस आहे, वर दुसराच आहे. आणि तो डावखुरा आहे.”

सगळ्यांच्या माना वर वळल्या.

“शक्य नाही,” साहेब म्हणाले. “काम एकाच माणसाने केलंय. कागद मी स्वतः वाचून दाखवला.”

भिंगरीचा चेहरा पार उतरला. डावा हात तिने पाठीमागे नेला. मिरचीला काही कळलं नाही, वेणीला कळलं, तिने डोळे मोठे केले. भिंगरीने दाराशी उभ्या असलेल्या बाबांकडे एकदा बघितलं आणि पाठीमागचा हात पुढे आणून वर केला. नखांच्या कडांना अजून निळं होतं.

“वरच्या माझ्या आहेत.”

“तू का काढल्यास?” आजींनी विचारलं.

आता काय सांगणार? खरं सांगावं तर बाबा उघडे पडतात. भिंगरी, जिचं तोंड एक वर्ष बंद नव्हतं, ती नखांचं निळं खरवडायला लागली.

“माझा हात वर जात नाही,” रंगारी दारातून म्हणाला. गर्दीतून वाट काढत तो पुढे आला. सगळ्यांसमोर त्याने उजवा हात उचलला. हात खांद्यापर्यंत आला आणि थांबला. “इथपर्यंतच. पोरीची चूक नाही. शिडी मी धरली होती.”

“कधीपासून?” साहेबांनी विचारलं.

“थंडीपासून.”

“आणि वरचा पांढरा रंग?”

“लांब दांडा लावला.”

साहेबांनी कपाळाला हात लावला. आजी मात्र चिडल्या होत्या, आणि त्यांनी ते लपवलं नाही. “मी कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, हात पोचेल तिथपर्यंत. मला तुमचा हात हवा होता. तुम्ही मला कुणातरी धडधाकट माणसाचा खोटा हात दिलात!”

“बाई, अर्धी भिंत सोडून रंगारी घरी जातो का?”

“मोकळी सोडायची म्हटलं होतं. अर्धी कोण म्हणालं?”

आजींनी चष्मा पुन्हा चढवला. “वरच्या सगळ्या पुसा. उद्या दार उघडायच्या आत.” निघताना त्या भिंगरीपाशी थांबल्या. “हात चांगला आहे तुझा. चित्रकला शिक. पण दुसऱ्याचा हात काढू नकोस.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच रंगाऱ्याच्या घरची तिघंही आली. रोलर चालणार नव्हता, खालच्या रेघांना पांढरं लागलं असतं. ब्रशने, रेघेच्या कडेने, जपून करायचं काम. म्हणजे पुन्हा शिडीवर भिंगरीच.

काल जिचं कौतुक झालं ती रेघ आज आपल्याच हाताने झाकायची, हे सोपं नसतं. पहिल्या दहा-बारा तिने भराभर पुसल्या. मग हात मंदावला.

“बाबा, एक ठेवू? अगदी कोपऱ्यातली. कुणाला दिसणार पण नाही.”

“एकही नाही.”

“एकच!”

“भिंगरे, ती एक राहिली तर खालच्या एकशेऐंशी खोट्या पडतील. चालव ब्रश.”

तिने नाक ओढलं आणि ब्रश चालवला. एका ठिकाणी मात्र ती थांबली. पुसायच्या आधी तिने बोटाच्या पेराने भिंत वाजवली. मग कान लावून पुन्हा वाजवली.

“बाबा, इथे पोकळ येतंय.”

रंगाऱ्याने वर बघितलं. या वेळी वरच्या भागाला कान लागलाच नव्हता, आठवतं ना? “किती मोठं?”

“वहीच्या पानाएवढं.”

“गोल कर. सध्या हात लावू नकोस, आज वाळायला वेळ नाही. प्रदर्शन संपलं की खरवडू.” तिने पेन्सिलीने गोल केला आणि त्यावर हलकेच पांढरा हात फिरवला. एवढ्या वर्षांत मला दुसऱ्या कुणी पहिल्यांदाच ऐकलं.

दार उघडलं तेव्हा भिंतीवर निळं खांद्याइतकं होतं आणि वर सगळं पांढरं. रेघांशेजारी आजींनी नवी पट्टी लावायला सांगितली होती. तिच्यावर त्यांच्या नावाखाली लिहिलं होतं: ‘रेघा: या दालनाचा रंगारी. काम तीस वर्षं. हात एक मीटर चाळीस सेंटिमीटर.’

लोक आले. वाचलं. आणि मग एक गंमत झाली. एक उंच माणूस भिंतीला बाजू करून उभा राहिला आणि त्याने आपला हात वर केला. त्याच्या मुलीने केला. मग रांगच लागली. जो तो आपला हात कुठवर जातो ते बघायला लागला. भिंगरीच्या आईने सवयीने “हात लावू नका” म्हटलं, मग स्वतःच थांबली आणि म्हणाली, “लावू नका, पण वर करून बघा.” दुपारी एक बाई आल्या. त्यांचाही हात नेमका निळं संपतं तिथेच थांबला. जाताना दाराशी रंगारी दिसला तेव्हा म्हणाल्या, “मलाही वरचा डबा काढता येत नाही हो.” रंगारी म्हणाला, “मीही आमच्या हिलाच सांगतो काढायला.” आणि दोघं हसली.

इथे सगळं गोड झालं असं सांगून संपवलं असतं, पण तसं झालं नाही. चौथ्या दिवशी साहेब आले. माणूस वाईट नाही, पण जबाबदारी त्याच्यावर आहे. ते रंगाऱ्याला कोठीत घेऊन गेले. कोठीसुद्धा माझीच.

“तुम्हाला आता शिडीवर चढवणं माझ्या अंगाशी येईल,” ते म्हणाले. “पुढच्या वेळी बाहेरची माणसं बोलावू. यंत्राने फवारतात, एका दिवसात मोकळं.”

“वाजवून बघतात का ते?”

“काय वाजवून?”

“भिंत.”

साहेबांनी खांदे उडवले. “एवढा वेळ कुणाला आहे?”

रंगारी “बरं” म्हणाला. बाहेर येऊन तो त्या पोकळ जागेखाली उभा राहिला. हात तिथवर जाणार नव्हताच. कोठीच्या दाराआड दप्तर घेऊन भिंगरी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

मित्रांनो, मला माझी काळजी वाटली हे मी लपवणार नाही. फवारलेला रंग सुंदर दिसतो. सुटलेल्या गिलाव्यावरही सुंदर दिसतो. एक वर्ष, दोन वर्षं. मग एक दिवस वहीच्या पानाएवढा तुकडा खाली येतो आणि त्याच्यामागून दाराएवढा. तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. तुम्ही एखाद्या दालनात जाल तेव्हा चित्रं बघा, जरूर बघा, त्यासाठीच आम्ही उभ्या आहोत. पण दोन चित्रांच्या मधल्या रिकाम्या जागेकडेही एकदा बघा. तिथे कुणीतरी कान लावलेला असतो. त्याचं नाव पट्टीवर क्वचितच असतं. तुमच्या शाळेची भिंत, तुमच्या घराची भिंत, कधीतरी वाजवून बघा. पोकळ वाजलं तर कुणाला तरी सांगा. झाकू नका.

पुढचे आठ-दहा दिवस भिंगरी शाळेतून थेट माझ्याकडे यायची. मिरची आणि वेणीही यायच्या, आणि तिघी कोपऱ्यात बसून माझ्या थरांवर बोट फिरवत कुजबुजायच्या. एकदा मिरची म्हणाली, “हिंमत असेल तर साहेबांना जाऊन सांग.” वेणी या वेळी काही टोमणा मारायच्या फंदात पडली नाही.

मग एका संध्याकाळी बंद व्हायची घंटा झाली. शेवटची माणसं पायऱ्या उतरून गेली. आई खिडक्या लावत होती, रंगारी मिठाच्या वर्षीची एक जुनी खपली फरशीवरून झाडत होता. भिंगरी दप्तरासकट आत आली.

“आई, बाबा, दोघं जरा बसा.”

“बसायला खुर्ची एकच आहे,” आई म्हणाली. “काय झालं? परीक्षेत दिवे लावलेस?”

“तू बस. बाबा उभे राहतील.”

“बरं, राहिलो उभा,” रंगारी म्हणाला. “बोला आता.”

“मी ठरवलंय मला काय शिकायचं ते.”

आईने नवऱ्याकडे बघितलं. “मी म्हटलं नव्हतं? त्या आजी बोलल्यापासून हिच्या डोक्यात चित्रकला शिरलीय.”

“चित्रकला नाही,” भिंगरी म्हणाली. “भिंती.”

“म्हणजे?”

“म्हणजे वाजवायच्या, खरवडायच्या, लांबी भरायची, घासायचं, मग रंग. सगळं. दर रविवारी तुमच्याकडून. शाळा सोडणार नाही, आई, आधीच सांगते, तू तोंड उघडायच्या आत. दोन वर्षांनी मी सतराची होईन. साहेबांना आत्ताच भेटून आले.”

रंगाऱ्याच्या हातातला झाडू थांबला. “साहेबांना? काय म्हणाले?”

“म्हणाले, त्या वेळी ये, बघू. मी म्हटलं, बघू नाही, लिहून ठेवा. त्यांनी वहीत लिहिलं, मी वाकून बघितलं.”

“अगं, पण तुझा हात चित्राचा आहे म्हणाल्या ना त्या,” आई म्हणाली. “मग भिंतीत काय आहे?”

भिंगरी त्या पेन्सिलीच्या गोलाखाली जाऊन उभी राहिली. टाचा उंचावल्या, डावा हात वर केला, आणि तरी तो पोचला नाही. मग ती वळली.

“पुढच्या वेळी खांद्यापर्यंत बाबा वाजवणार आणि खांद्याच्या वर मी. शिडी आई धरणार. ठरलं!”